पोते काढा, डोळे दिसू द्या!

विश्वामित्री नदीचे पाणी चढले की वडोदऱ्याच्या वस्त्यांत मगरी शिरतात (२०२४च्या ऑगस्टमधील पूर आठवा), आणि त्यांच्या मागोमाग कॅमेरेवालेही. परवा आमच्या गल्लीत जबडा दोरीने बांधलेली, बिथरू नये म्हणून डोळ्यांवर ओले पोते टाकलेली मगर पिंजऱ्यात जात असताना एका चित्रपटकाराने स्वयंसेवकाला फर्मावले, ‘पोते काढा, डोळे दिसू द्या!’ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतील, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या, प्राण्याची ही बडदास्त! वर चित्रपटात त्या दृश्याला पार्श्वसंगीत म्हणून ढोलताशे, आणि, हसावे की रडावे, वाघाची डरकाळी. नदीत सांडपाणी सोडणारा नळ मात्र दहा पावलांवर असूनही एकाही संवर्धनपटात दिसत नाही, कारण म्हणे तिथे फार वास येतो.