मिनिमम ड्यू, फिरवलेली बाकी आणि बँकेचा दंड: त्या मेसेजमधला एकेक मुद्दा

वडोदऱ्यातल्या आपल्या मराठी ग्रुपांवर, दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंत, सध्या एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. त्याचा गाभा असा: मिनिमम बॅलन्सच्या नावाखाली बँका लुटतात, त्यापेक्षा क्रेडिट कार्डाचं व्याज स्वस्त, महिन्याला फक्त साडेतीन टक्के. म्हणून एफडीला हात लावू नका, कार्डावर मिनिमम ड्यू (बिलातली किमान भरायची रक्कम) भरत राहा, दर सहा महिन्यांनी न फेडलेली बाकी नव्या लाइफटाइम फ्री कार्डावर फिरवा आणि जुनं कार्ड कापून टाका. शेवटी दिलासा म्हणून, ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्याज घेणं बेकायदा असल्याचं कोर्टाने म्हटलं आहे, असंही जोडलं आहे.

ओळखीच्या घरांतली स्टेटमेंटं मी वाचून देते. या सल्ल्यावर चालणारी माणसं त्यांत दिसू लागली, म्हणून हे लिहिते आहे.

आधी त्या साडेतीन टक्क्यांचं. एफडीचा दर वर्षाचा सांगतात, कार्डाचा महिन्याचा. मेसेजने हे दोन आकडे शेजारी ठेवले आणि कार्डाचा लहान दिसला. साडेतीन गुणिले बारा म्हणजे वर्षाला ४२ टक्के. शिवाय कार्डाच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो. घरकर्जाच्या किंवा पर्सनल लोनच्या व्याजावर तो लागत नाही, कार्डाच्या व्याजावर लागतो. म्हणजे हातातून जाणारा दर ५० टक्क्यांच्या जवळ पोचतो.

आता खात्यावरचा दंड, म्हणजे किमान शिल्लक कमी पडली की बँक कापते ती रक्कम. मेसेज म्हणतो, "दंड व्याजापेक्षा महाग." दंडाबद्दलचा राग मला पूर्ण मान्य आहे. पेन्शनवर जगणाऱ्या माणसाच्या खात्यातून दर महिन्याला रक्कम कापली जाते आणि ती का कापली हे त्याला कोणी सांगत नाही, हे वाईटच आहे. पण तुलना रुपयांत करा. समजा महिन्याला ५०० रुपये दंड, त्यावर ९० रुपये जीएसटी. वर्षाला ७,०८० रुपये झाले. कार्डावर ६०,००० रुपये बाकी असेल तर साडेतीन टक्क्यांनी एका महिन्याचं व्याज २,१०० आणि जीएसटी ३७८, मिळून २,४७८ रुपये. वर्षभराचा दंड कार्ड तीन महिन्यांत वसूल करतं.

दुसरं म्हणजे हा दंड टाळता येतो. स्टेट बँकेने मार्च २०२० मध्येच बचत खात्यावरचा हा दंड काढून टाकला. ज्या बँक ऑफ बडोदाची स्थापना सयाजीराव महाराजांनी १९०८ साली याच शहरात केली, तिनेही १ जुलै २०२५ पासून साध्या बचत खात्यांवरचा दंड बंद केला. कॅनरा आणि पंजाब नॅशनल बँकेनेही त्याच सुमारास तेच केलं. खासगी बँकेतल्या खात्याला दंड लागत असेल तर खातं हलवा. दंड तुटीच्या प्रमाणातच लावायचा आणि केवळ दंडामुळे खातं उणे जाऊ द्यायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०१५ पासून लागू आहे. खातं उणे दाखवत असेल तर गप्प बसू नका, लेखी तक्रार करा.

इथे एक गणित मेसेजच्या बाजूने जातं, तेही सांगायला हवं. दंड वाचवण्यासाठी १०,००० रुपये खात्यात पडून आहेत आणि तेवढीच बाकी कार्डावर आहे, अशी घरं पुष्कळ. खात्यात त्या पैशांवर अडीच टक्क्यांनी वर्षाला २५० रुपये मिळतात, कार्डावर तेवढ्याच रकमेपोटी जीएसटीसह सुमारे ४,९५० रुपये जातात. पण दंडच ७,०८० असेल तर ते पैसे उचलूनही फायदा नाही. आधी बिनदंडाचं खातं उघडा, मग ते पैसे कार्डात भरा. हा क्रम पाळला तरच सुटका होते.

मेसेजमधलं आणखी एक वाक्य: "मिनिमम ड्यू भरलं की व्याज लागत नाही." सगळ्यात घातक वाक्य हेच आहे. मिनिमम ड्यू भरल्याने फक्त लेट फी टळते आणि हप्ता थकल्याची नोंद सिबिलकडे (कर्जफेडीचा इतिहास ठेवणाऱ्या कंपनीकडे) जात नाही. उरलेल्या रकमेवर व्याज चालूच राहतं. त्या ६०,००० वर पाच टक्क्यांनी मिनिमम ड्यू ३,००० रुपये. त्यातले २,४७८ व्याज आणि जीएसटीत जातात, मूळ बाकी ५२२ रुपयांनी कमी होते. नवीन एक रुपयाही खर्च न करता वर्षभर असंच भरलं, तर खिशातून ३४ हजारांहून अधिक जातात आणि बाकी ५४ हजारांच्या आसपास उरते.

आणि नवीन खर्च होतोच. बाकी पुढे नेली की नव्या खरेदीवरचा बिनव्याजी काळही जातो. कार्ड यूपीआयला जोडून खंडेराव मार्केटात भाजी घेतलीत, तर त्या भाजीवर त्याच दिवसापासून व्याज लागतं. नवरात्रीच्या खरेदीचंही तसंच. कार्डावरून एटीएममधून रोख काढली तर बाकी असो वा नसो, पहिल्या दिवसापासून व्याज आणि वर वेगळी फी.

बाकी नव्या कार्डावर फिरवणं हा मुळात वाईट मार्ग नाही. नवी बँक काही महिने कमी दर लावते; त्या सवलतीच्या मुदतीत सगळी रक्कम फेडणाऱ्याला त्याचा खरा फायदा होतो. पण मेसेज त्याला कायमची व्यवस्था म्हणतो. प्रत्येक वेळी प्रोसेसिंग फी आणि तिच्यावर जीएसटी असतो. ती दोन टक्के धरली तरी ६०,००० वर १,४१६ रुपये. मुदत संपली की दर पुन्हा नेहमीचा. दर सहा महिन्यांनी कार्डासाठी अर्ज केला की प्रत्येक चौकशी सिबिलच्या अहवालात नोंदली जाते, आणि तिसऱ्या-चौथ्या अर्जाला नकार आला की फिरवाफिरवी तिथेच थांबते. तोवर बाकी तितकीच राहिलेली असते. लाइफटाइम फ्री म्हणजे वार्षिक फी माफ, एवढाच त्याचा अर्थ; व्याज माफ होत नाही.

मग एफडी? "एफडीला हात लावू नका" हे आपल्या आजी-आजोबांचं वाक्य आहे आणि त्याचा मान मला कळतो. पण साडेसहा-सात टक्के मिळवण्यासाठी ५० टक्क्यांच्या आसपास द्यायचे, हे त्यांनीही मान्य केलं नसतं. एफडी मोडायचीही गरज नाही. तिच्यावर ओव्हरड्राफ्ट (एफडी तारण ठेवून घेतलेली उचल) मिळतो, एफडीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त दराने. साडेआठ टक्के धरले तर ६०,००० वर महिन्याला ४२५ रुपये, जीएसटी नाही. कार्डाचे २,४७८ होते. घरात एफडी असलेल्या प्रत्येकाने आधी बँकेत जाऊन हे विचारावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

कोर्टाचं म्हणाल तर ती बातमी जुनी आहे. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये ३० टक्क्यांची मर्यादा घातली होती. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला.

एक गोष्ट मात्र मेसेजने सांगायला हवी होती. दर महिन्याला पूर्ण बिल भरणाऱ्या माणसाला व्याजदराशी देणंघेणंच नाही. त्याने वार्षिक फी आणि खात्याचे चार्जेस बघून कार्ड बदलावं, खुशाल बदलावं. ज्याची बाकी पुढे जाते त्याच्यासाठी फीचे दोन-पाचशे रुपये किरकोळ आहेत, त्याने फक्त दर बघावा. मेसेजने पहिल्याची चिंता दुसऱ्याच्या गळ्यात बांधली.

राहिलं कार्ड कापणं. कात्री लावल्याने खातं बंद होत नाही. वार्षिक फी असेल तर ती लागत राहते, आणि ती न भरल्याची थकबाकी तुमच्याच नावावर चढते. सगळी बाकी आणि चालू ईएमआय चुकते करा, मग बंद करण्याची लेखी विनंती द्या. बाकी काही नसेल तर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायलाच हवं. उशीर झाला तर खातं बंद होईपर्यंत दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०२२ पासून आहे. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, तिला फी नाही. माहितीसाठी फोन १४४४८.