गेममधल्या लेकी फुकट गेलेल्या नसतात

आज सकाळी क्रुसेडर किंग्ज 3 च्या (मध्ययुगातलं एक राजघराणं पिढ्यान्‌पिढ्या चालवायचा कॉम्प्युटर गेम) टिप्सचा एक व्हिडिओ बघितला आणि तेव्हापासून डोकं तापलंय. त्या माणसाचं म्हणणं असं की मुलगी झाली तर तिच्यात वेळ घालवू नका, मिळेल त्या घरी देऊन टाका आणि विसरा. मुलासाठी मात्र बायको शोधायच्या यादीत फिल्टर लावा, जीनियस, सुंदर, बलदंड, एवढंच बघा. ती कुठल्या घरातली, तिचा बाप कोण, भाऊ कोण, काही बघू नका. गुरांच्या बाजारात दात मोजून बैल घेतात तसं. आणि खाली लोक त्याला धन्यवाद देतायत!

तुम्ही सगळे जे माझ्यासोबत हा गेम खेळता त्यांना हे पटणार नाही हे मला माहितीये. पण तरी लिहिते, कारण गप्प बसवत नाहीये.

मागे मी गालिसियाचा, म्हणजे स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातल्या राज्याचा, राजा गार्सिया घेऊन खेळत होते, गेमची सुरुवात 1066 सालापासून. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा तीन भावांतला सगळ्यात दुबळा. बाप फर्नांडोने 1065 ला जाताना राज्य तिघांत वाटलं, सांचोला कॅस्टिल, अल्फोन्सोला लिओन, याला गालिसिया. खऱ्या इतिहासात भावांनी 1071 ला याचं राज्य काढून घेतलं, 1073 ला अल्फोन्सोने याला कैदेत टाकलं आणि 1090 ला मरेपर्यंत हा बाहेर आला नाही. म्हणजे दोन्हीकडून सख्खे भाऊच टपलेले, सैन्य तुटपुंजं, आणि आपल्या हातात काय तर एक कोरं लग्न आणि पुढे होतील ती पोरं.

माझी थोरली बोबडं बोलायची. गेममध्ये तसा एक जन्मजात दोष असतो, बोलणी-वाटाघाटीचे पॉइंट कमी होतात, म्हणजे त्या व्हिडिओवाल्याच्या हिशोबात ही पोरगी एकदम टाकाऊ. मी तिच्यासाठी कितीतरी वेळ स्थळं बघत बसले होते. फ्रान्समधली, नवाराची, बार्सिलोनाची, प्रत्येक स्थळामागे त्यांचं सैन्य किती, ते आधीच कोणाच्या युद्धात अडकलेत का, त्यांचं माझ्या भावांशी काही नातं आहे का, सगळं. शेवटी अ‍ॅक्विटेनच्या ड्यूकच्या मुलाला दिली. आणि लिओनने हल्ला केला तेव्हा अ‍ॅक्विटेनचं सैन्य पिरेनीज ओलांडून आलं. माझ्याकडे एकही जीनियस नव्हता तेव्हा. राज्य वाचलं ते या बोबड्या पोरीच्या सोयरीकीमुळे.

बरं, हुशार राणी आणली की नवऱ्याच्या कारभाराला हातभार लागतो, जीनियस असेल तर सगळ्या गुणांत पाच-पाच मिळतात, हे मला मान्य आहे. पुढे.

पण चार पिढ्या असंच निवडून निवडून आणल्यावर होतं काय? घरातला प्रत्येकजण देखणा, प्रत्येकजण महाबुद्धिमान, कोणाचंच काही लक्षात राहत नाही. मग ते गुण घराबाहेर जाऊ नयेत म्हणून लोक चुलत बहिणी, भाच्या शोधायला लागतात, आणि वर ते अभिमानाने सांगतात. पुढच्या काळात स्पेनच्या हॅब्सबर्ग राजघराण्याने रक्त घरातच ठेवायचा हट्ट धरला होता, त्यांच्या राजा दुसऱ्या कार्लोसचे आईवडील नात्याने मामा-भाची होते, आणि तो 1700 ला निपुत्रिक गेला, घराणंच संपलं तिथलं. त्यावरून युरोपभर युद्ध पेटलं ते वेगळंच.

आणि "मुली बिनकामाच्या" हे कुठल्या इतिहासावरून ठरवलं? याच खेळाच्या सुरुवातीला उर्राका बसलेली असते, या तीन भावांची बहीण. 1072 ला सांचो तिच्या झामोरा शहराला वेढा घालून बसला आणि तिथेच मारला गेला. अ‍ॅक्विटेनची मालकीण एलिनॉर घ्या. 1152 च्या मार्चमध्ये फ्रान्सच्या राजाशी तिचं लग्न रद्द झालं आणि मे महिन्यात तिने हेन्री प्लँटाजेनेटशी लग्न केलंसुद्धा, दोन महिन्यांत अख्खं अ‍ॅक्विटेन एका घरातून दुसऱ्या घरात. दोनच वर्षांत तो हेन्री इंग्लंडचा राजा झाला. इंग्लंडच्या पहिल्या हेन्रीचा मुलगा 1120 ला जहाज बुडून गेला तेव्हा त्याच्याकडे वारस म्हणून कोण उरलं होतं? मटिल्डा. मुलगीच. तिला विसरून चाललं असतं का त्याला?

हे लिहिताना मला अ‍ॅरागॉनची राजकन्या पेट्रोनिला आठवतेय. जन्म 1136 चा, 1137 ला तिची सोयरीक बार्सिलोनाच्या काउंटशी ठरली. एक वर्षाची पोर! तो विशीतला माणूस. लग्न झालं 1150 ला. त्या एका सोयरीकीवर अ‍ॅरागॉन आणि त्या काउंटचा कॅटलोनिया एकत्र आले ते शतकानुशतकं राहिले, आणि तिला कोणी काही विचारलं नव्हतं. गेममध्ये मी जेव्हा पाळण्यातल्या मुलीची सोयरीक ठरवते ना, तेव्हा बटण दाबायच्या आधी थोडा वेळ थांबते. थांबावंसं वाटलंच पाहिजे असं मला वाटतं. नाहीतर मग हा गेम माणसांचा कशाला, नुसते नकाशे रंगवायचे दुसरे खूप गेम आहेत.

थोरलीचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. तिसऱ्या बाळंतपणात गेली. एक छोटीशी सूचना आली स्क्रीनवर, आणि त्याच्यापाठोपाठ दुसरी, अ‍ॅक्विटेनशी असलेली युती संपली. तिचा नवरा तोपर्यंत ड्यूक झाला होता, तो जिवंत होता, आमचं काही भांडण नव्हतं, पण जिच्यामुळे नातं होतं तीच नाही म्हटल्यावर युती कसली. पुढच्या युद्धात मित्रांची यादी उघडली तर रिकामी. मी गेम तिथेच पॉज केला आणि तिचं पान उघडून बसले, तिची पोरं बघत. दोन मुलगे, दोघंही अर्थातच बापाच्या घराण्याचे. पण गालिसियाच्या राजाचे नातू होते ते. एवढं सगळं त्या व्हिडिओवाल्याच्या "देऊन टाका आणि विसरा" मध्ये कुठे बसतं?

आणि ज्यांच्या राजाला फक्त मुलीच आहेत त्यांनी तर तो सल्ला चुकूनही ऐकू नका. वारस मुलीचं साधं लग्न लावलंत तर तिची पोरं जावयाच्या घराण्याची होतात, आणि ती गादीवर येऊन मेल्यावर आपल्या घराण्याचा वारस उरला नाही तर गेम तिथेच संपतो. तिच्यासाठी घरजावईच शोधायला लागतो, आणि मोठ्या घरातले थोरले मुलगे त्याला सहसा तयार होत नाहीत. मग धाकटे, तिसरे-चौथे मुलगे बघायचे. आणि हे ती लहान असतानाच सुरू करायला लागतं, सोळाची झाल्यावर चांगले धाकटे मुलगे आधीच कुठेतरी ठरलेले असतात.

मी आज रात्री परत गार्सियाच घेणार आहे. यावेळी एक लेक अ‍ॅक्विटेनला आणि एक बार्सिलोनाला द्यायचा विचार आहे, म्हणजे एक युती तुटली तरी दुसरी उभी राहील. नवारा जवळ आहे पण त्याच्याकडे सैन्य कमी. कोणी बार्सिलोनाशी सोयरीक करून बघितलीये का? लिओनविरुद्ध बोलावल्यावर ते खरंच येतात का, की वाटेतच मुस्लिम अमिरातींशी अडकून बसतात? माहीत असेल तर लिहा.