रिबिनींसाठी नव्हती ती नोकरी

गेले आठ-दहा दिवस नाशिकच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरतोय, वर रावळगावच्या गोळ्यांचा फोटो. म्हणे १९५०-६० च्या सुमारास नाशकातल्या गोळ्यांच्या कारखान्यात मुली हौसेने जायच्या. बसल्या जागी हलकं काम, हव्या तेवढ्या गोळ्या खा, बाईमाणसाचा मान म्हणून दिवेलागणीला घरी आणि पैसे रिबिनी-बांगड्यांना.

आधी फोटोच चुकलाय. रावळगाव मालेगाव तालुक्यात. वालचंद हिराचंदांनी १९३३ मध्ये उभारलेला तो मोठा उद्योग, १९४२ पासून तिथे गोळ्या बनू लागल्या. माझी थोरली आत्या १९५८ मध्ये, सतराव्या वर्षी लागली ती नाशिक शहरातल्या एका भट्टीवजा कारखान्यात.

हलकं काम? पाक १५० अंशांपर्यंत चढवायचे ते पुरुष, त्यांना रोज ठरलेला. मुलींकडे गुंडाळणं, मजुरी वजनावर. कागदाचा चौकोन डाव्या तळव्यावर, गोळी मधोमध, दोन्ही टोकांना उलटसुलट पीळ. शंभर गोळ्या गुंडाळून बघा, मग बोलू. साखर हवेतला ओलावा ओढते, त्यामुळे पावसाळ्यात गोळी कागदाआधी बोटाला चिकटायची. श्रावण सरेपर्यंत आत्याच्या अंगठ्याचं साल निघालेलं असायचं, आणि चिकटलेली गोळी वजनातून बाद. त्यात गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीपाशी पाणी चढलं की पंचवटीतून पात्रातली वाट बंद. व्हिक्टोरिया पुलाचा वळसा घालून पोचेस्तोवर हजेरी झालेली, अर्धा खाडा पदरात.

खाण्याचं म्हणाल तर पहिल्या दिवशी खाल्ल्या तेवढ्याच. पुढे वासानेच मळमळायचं. शिवाय सुटताना पदर झाडून दाखवायला लागायचा.

आता तो मान. बायकांना सकाळी ६ ते संध्याकाळी ७ याच वेळेत कामावर ठेवा, हे १९४८ च्या कारखाना कायद्याचं ६६ वं कलम सांगत होतं. मालकाच्या संस्काराचा त्यात काय संबंध? उलट, विजेवर न चालणाऱ्या कारखान्याला तो कायदा २० कामगारांपासून लागायचा. आत्याच्या कारखान्यात वीज फक्त दिव्यांपुरती. गुंडाळायला बसायच्या पंचवीसेक जणी, पटावर भट्टीवाल्यांसकट नावं १९! दिवाळीच्या तोंडावर घरी यायला नऊ वाजायचे.

रिबिनींचं आत्यालाच विचारलं. "केस होते कुठे एवढे," म्हणाली. पगार आजीच्या हातात जायचा. माझ्या वडिलांच्या अकरावीच्या परीक्षेची फी त्यातूनच भरली.