झेनॉन इतकाही अलिप्त नाही

निष्क्रिय वायू (हेलियम, निऑन, आर्गॉन, क्रिप्टॉन, झेनॉन वगैरे) आणि हॅलोजन (ब्रोमीन, आयोडीन वगैरे) या मूलद्रव्यांच्या दोन घराण्यांवरचा तुमचा लेख आवडला, पण त्यातलं ‘निष्क्रिय वायू कशाशीच संयोग पावत नाहीत’ हे वाक्य कृपया बदला. १९६२ साली रसायनशास्त्रज्ञ नील बार्टलेट यांनी ते खोटं ठरवलं. प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइड (प्लॅटिनम आणि फ्लोरीनचं संयुग) ऑक्सिजनच्या रेणूतूनही इलेक्ट्रॉन ओढून घेतं, हे त्यांना आधी दिसलं होतं. झेनॉनमधून इलेक्ट्रॉन काढायला जवळजवळ तेवढीच ऊर्जा लागते, मग तोही का देणार नाही? त्या संयुगाची लाल वाफ आणि रंगहीन झेनॉन एकत्र येताच नारिंगी-पिवळा घन पदार्थ तयार झाला. किती साधा आणि किती धाडसी विचार! हेलियम-निऑनबद्दल मात्र साधारण परिस्थितीत तुमचं म्हणणं बरोबर आहे.

शिवाय ही दोन्ही घराणी हॅलोजन दिव्यात एकत्र नांदतात, तेही यायला हवं होतं. आर्गॉन किंवा क्रिप्टॉनमुळे टंगस्टनच्या तारेची झीज मंदावते. तरी जे टंगस्टन उडतं, त्याला आयोडीन किंवा ब्रोमीन काचेजवळ गाठतं आणि तापलेल्या तारेपाशी पुन्हा सोडतं, म्हणून काच काळी पडत नाही. ती काच सहसा क्वार्ट्झची असते. दिवा बसवताना तिला उघड्या बोटांनी शिवू नका, त्वचेच्या तेलाचा डाग तापून काच तिथेच तडकू शकते.