आईने दाराच्या फटीत धरलेले झाकण

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या वार्षिक स्नेहभोजनाला आज माजी विद्यार्थी म्हणून गेलो होतो. परत येऊन दोन तास झाले तरी चिडचिड जात नाही, म्हणून लिहायला बसलो आहे. प्रमुख वक्त्यांचा विषय होता रोजच्या वापरातल्या वस्तूंचे शोध, आणि गृहस्थ बोलले अतिशय रंगतदार. माझी तक्रार त्या रंगतीबद्दलच आहे.

त्यांच्या प्रत्येक गोष्टीत एक माणूस कुठेतरी फिरत असतो, त्याला काहीतरी दिसते आणि शोध लागतो. १९४१ मध्ये जॉर्ज द मेस्ट्राल हा स्विस अभियंता कुत्र्याला घेऊन हिंडून आला, कुत्र्याच्या केसांत अडकलेली कुसळे त्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, आणि झाले वेल्क्रो! पर्सी स्पेन्सर हा अमेरिकन अभियंता मॅग्नेट्रॉनजवळ, म्हणजे रडारसाठी सूक्ष्मलहरी निर्माण करणाऱ्या नळीजवळ, उभा होता, त्याच्या खिशातले चॉकलेट वितळले, आणि झाला मायक्रोवेव्ह! सभागृहात टाळ्यांचा कडकडाट.

अहो, पण मेस्ट्रालला पेटंट मिळाले १९५५ मध्ये. मधली चौदा वर्षे तो काय करत होता? नायलॉनचे फासे विणता येत होते, उष्णतेने त्यांचा आकार टिकवताही येत होता. पण त्यांचे कुसळासारखे अडकणारे आकडे करायचे तर प्रत्येक फासा नेमक्या जागी कापायला हवा होता, आणि ते यंत्राने सलग कसे करायचे हेच जमत नव्हते. कुसळाची गोष्ट जगाला पाठ आहे, कापण्याची कोणालाच नाही. आणि समोर बसलेली मुले उद्या पोट भरणार आहेत ती या कापण्याच्या कामावर.

मी एवढा का तापलो, ते सांगतो. पंधरा वर्षांपूर्वी मी एका डब्याचे आट्यांचे झाकण डिझाइन केले होते. डबा उलटा ठेवून पाहिला, हलवून पाहिला, उंचावरून टाकून पाहिला. एक थेंब बाहेर आला नाही. पहिल्या नगांपैकी एक मोठ्या ऐटीत आईला नेऊन दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात पाहतो, तर आईने झाकण दार आणि चौकट यांच्यामधल्या फटीत पकडले होते आणि दोन्ही हातांनी ती डबा फिरवत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "चांगला आहे रे डबा, फक्त उघडत नाही." गळती थांबावी म्हणून मी रबरी कडी भरपूर दाबली जाईल अशी मापे ठेवली होती. झाकण उघडायला किती जोर लागतो, हे पाहिले होते ते स्वतःच्या, तिशीतल्या हातांनी.

वक्त्यांनी उद्योजक सॅम फार्बर यांचीही गोष्ट सांगितली. पत्नीला संधिवात, साल काढताना हात दुखायचे, त्यावरून स्वयंपाकघरातली जाड मुठीची साधने सुचली आणि १९९० मध्ये ती बाजारात आली. गोष्ट खरी आहे आणि मला प्रिय आहे. पण मूठ किती जाड हवी, किती मऊ हवी, ओल्या हातातून निसटू नये म्हणून काय करावे, हे काही कोणाला एका संध्याकाळी सुचलेले नसते. त्यासाठी नमुन्यांमागून नमुने करून माणसांच्या हातांत द्यावे लागतात. माझ्या झाकणाच्या वेळी मी तो डबा आईच्या हातात एकदा दिला असता, ज्यात प्लास्टिक ओतून झाकणे बनतात तो साचा कापायला टाकण्याआधी, तर?

आणि नेमका हाच प्रश्न एका मुलीने विचारला. मागच्या टेबलावरून उठून तिने विचारले, "कल्पना सुचल्यापासून साचा कापेपर्यंत तुम्ही वस्तू किती जणांना वापरायला देता?" वक्ते हसले आणि म्हणाले, "ते तपशील तुम्ही इंजिनिअर मंडळी बघालच की!" सगळे हसले. अभियंत्यांनी भरलेल्या सभागृहात अभियंत्याच्या कामाला "ते तपशील" म्हटले गेले आणि अभियंतेच हसले! माझा हात टेबलावर जरा जोरातच आपटला असावा, कारण शेजारच्या प्राध्यापकांनी माझ्याकडे पाहिले.

मान्य आहे, जेवण झाल्यावर प्लास्टिकच्या आकुंचनाविषयी ऐकायला कोणी बसत नाही. हेही मान्य आहे की जिलेटच्या डोक्यात दाढीच्या, वापरून फेकून देण्याच्या पात्याची कल्पना आली नसती, तर त्याचा अभियंता विल्यम निकर्सनला काम मिळाले नसते. पण इतके पातळ पोलाद कडक करून त्याला धार लावणे जमणार नाही, असे जाणकार सांगत असताना ते जमवले निकर्सनने. १९०३ मध्ये, विक्रीच्या पहिल्या वर्षी, फक्त ५१ रेझर खपले आणि पुढच्याच वर्षी मागणी हजारोंवर गेली. वेष्टनावर चेहरा छापला गेला तो जिलेटचा. निकर्सनचे नाव आज त्या सभागृहात किती जणांना सांगता आले असते?

लिहिता लिहिता राग थोडा उतरला आहे, आणि एक गोष्ट कबूल करायला हवी. समोर बसलेल्या त्या मुलांच्या वयाचा असताना मीही अशाच एका भाषणाला हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या होत्या.

निघताना ती मुलगी हात धुण्याच्या जागेपाशी भेटली. तिने पर्समधून एका चिमट्याचे दोन तुकडे काढले. एका हाताने पिशवीचे तोंड बंद करता यावे म्हणून तिने तो थ्रीडी प्रिंटरवर बनवला होता आणि चौथ्यांदा तो मुळापाशीच तुटला होता. मी आतल्या कोपऱ्यावरून नख फिरवले. कोपरा अगदी काटकोनात होता. "इथे गोलाई दे, सगळा ताण याच रेषेवर येतो आहे, आणि छापताना थरांची दिशा बदलून बघ," असे तिला सांगितले. मग राहवले नाही, म्हणून झाकणाची आणि दाराची गोष्टही सांगितली.

ती हसली नाही. म्हणाली, "मग सर, त्या झाकणात तुम्ही काय बदल केलात?"

मी खरे ते सांगितले. साचा कापून झाला होता, वेळ संपली होती, झाकण जसे होते तसेच बाजारात गेले. तिने मान हलवली आणि चिमट्याचे तुकडे पुन्हा पर्समध्ये ठेवले.