खड्डा नव्हे, खळगा

घोळ नावापासूनच झाला. घरच्या ग्रुपवर मी लिहिलं होतं, "रविवारी रांजणखळगे. सकाळी सहाला निघू." आत्याने ते चष्मा नसताना वाचलं आणि तिला पहिली तीन अक्षरं पुरली. रविवारी पहाटे ती दारात हजर झाली ती दूर्वांच्या एकवीस जुड्या आणि जास्वंदीची फुलं ओल्या फडक्यात गुंडाळून.

"आत्या, रांजणगाव नाही गं. रांजणखळगे. निघोजला, कुकडी नदीत."

"वाटेत रांजणगाव लागतं की नाही?"

लागतं. पुणे-नगर रस्त्यावर, शिरूरच्या अलीकडे, अगदी नाकासमोर लागतं. भूगोल हा माझा शाळेपासूनचा आवडता विषय, आणि त्यानेच असा घात केला.

सहाचे पावणेआठ झाले. पुढे मी आणि बाबा, मध्ये आई, आत्या आणि बायको, मागे कन्या, भाचा आणि दशम्यांचा डबा. बाबांना रस्त्यावरची प्रत्येक पाटी मोठ्याने वाचायची सवय आहे. एरवी चालून जातं, पण वाघोलीत गाडी जागची हलेना आणि बाबा थांबेनात. एका प्लायवूडच्या दुकानाची पाटी त्यांनी चार वेळा वाचली. चौथ्या वेळी मालकाच्या नावात ऱ्हस्व-दीर्घाची चूकही काढली.

रांजणगावला रांग पाहून मी "कळसाचं दर्शन घेऊ या" असं सुचवून पाहिलं. आत्याने माझ्याकडे असं बघितलं की मी चप्पल काढूनच टाकली. "प्रत्यक्ष शंकराने त्रिपुरासुराशी लढायच्या आधी इथे गणपतीची आराधना केली. आणि तू दगड बघायला जाताना थांबणार नव्हतास?" याला उत्तर नसतं. दीड तास गेला. देवळाबाहेर उसाचा रस झाला, भाच्याला घुंगराची काठी झाली, आणि पुढे निघोजपर्यंत ती काठी माझ्या मानेमागे वाजत राहिली.

पोचलो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. फेब्रुवारी असला तरी काळ्या दगडाला तारीख कळत नाही. तव्यावर उभं राहिल्यासारखं वाटत होतं. पण समोर जे होतं ते बघून मी खरंच गप्प झालो. सबंध पात्रच काळ्याभोर पाषाणाचं, आणि त्यात कुणीतरी शेकडो रांजण गळ्यापर्यंत पुरून ठेवावेत तशी गोल गोल विवरं. काहींच्या कडा चाकावरून आत्ताच उतरवल्यासारख्या गुळगुळीत. काही ठिकाणी दोन रांजणांमधली भिंत झिजून दोहोंचा एकच झालेला, आणि खाली अरुंद घळीतून हिरवं पाणी निमूटपणे चाललेलं.

"हे बघायला आलो?" कन्या म्हणाली. "खड्डे?"

"वाघोलीपासून तेच बघतोय," बाबा म्हणाले.

"खड्डे नव्हेत, खळगे!" मी जरा जोरातच म्हणालो. शेजारचं एक कुटुंब सेल्फी थांबवून बघायला लागलं. आता माघार नव्हती. आदल्या रात्री तयार केलेलं भाषण मी सुरू केलं. हा आपला दख्खनचा बेसॉल्ट, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. नदी आली त्याच्या कितीतरी नंतर. खडकात कुठे भेग असते, कुठे मऊ जागा असते. तिथे पाण्याचा भोवरा पडतो, त्यात एखादा गोटा अडकतो आणि गरगर फिरायला लागतो. बाहेर पडता येत नाही म्हणून फिरतच राहतो. फिरता फिरता खालचा दगड खातो आणि स्वतःही झिजतो. हजारो पावसाळे हेच चालू.

"म्हणजे संसारच," आई म्हणाली आणि सावली शोधायला निघून गेली.

उरलेलं भाषण मी भाच्याला ऐकवलं. तो एका रांजणात काठी घालून खोली मोजत होता. काठी संपली, खोली संपली नाही. तेव्हा कुठे त्याच्या चेहऱ्यावर थोडा आदर दिसला, रांजणाबद्दल. मी त्याची कॉलर धरून ठेवली होती, कारण त्या गुळगुळीत कडांवर पाय घसरला तर वर येण्यासाठी धरायला काहीही नसतं. शेजारच्या रांजणात पाण्याची रिकामी बाटली तरंगत होती. तीही गोल फिरत होती, पण तिच्याकडून काही कोरलं जाईल असं वाटलं नाही.

मग झुलता पूल. आम्ही टाकळी हाजीच्या बाजूने आलो होतो, म्हणजे पुणे जिल्हा. पलीकडे नगर, आताचं अहिल्यानगर. बायको मध्यापर्यंत गेली, पूल हलला, आणि ती दोन जिल्ह्यांच्या मधोमध दोर धरून उभी राहिली. ना इकडची, ना तिकडची. "मी इथेच बरी आहे," असं ती पाच मिनिटं शांतपणे सांगत होती. शेवटी कन्येने हात धरून तिला परत आणलं.

या गडबडीत आत्या दिसेना. मळगंगेच्या देवळात तिने ओटी भरली होती (तिच्या पिशवीत खण कायम असतो, प्रश्न विचारू नयेत) आणि आता ती काठावरच्या एका उथळ, कोरड्या खळग्यापाशी वाकली होती. उठली तेव्हा हातात नारळाएवढा, अंड्यासारखा घोटीव गोटा.

"लोणच्यावर दडपण ठेवायला काय झकास आहे बघ!"

"आत्या, ठेव तो! मघाशी सांगितलं ना, हाच दगड खळगा कोरतो."

"मग कोरून झालाय की. आता त्याला काय काम?"

मी तो हातातून घेऊन परत खळग्यात ठेवला. नंतर झाडाखाली दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली, आई गाडीत झोपली, आणि चार वाजता आम्ही परतीला लागलो.

शिरूरच्या आधीच डिकीतून आवाज यायला लागला. वळण आलं की गडगड, ब्रेक लागला की धडाम. मला वाटलं डबा असेल. बाबांना वाटलं सायलेन्सर गेला. आत्या खिडकीबाहेर बघत स्तोत्र पुटपुटत होती. नव्वद किलोमीटर मी तो आवाज ऐकला.

घरी येऊन डिकी उघडली. दूर्वांच्या रिकाम्या फडक्यातून सुटलेला गोटा कोपऱ्यात स्वस्थ बसला होता. दशम्यांच्या डब्याचं झाकण आत गेलं होतं, आणि डिकीच्या आतल्या पत्र्याला, दिव्याच्या बाजूला, व्यवस्थित गोल पोचा आला होता.

"आत्या! खड्डा पाडलास गाडीला!"

बाबा वाकले, चष्मा वर केला, पोच्यावरून बोट फिरवून पाहिलं.

"खड्डा नव्हे रे," ते म्हणाले. "खळगा."