सेवानिवृत्तांसाठी चोरीपश्चात मार्गदर्शन

निवृत्तीनंतर वेळ कसा घालवावा, हा प्रश्न अनेकांना पडतो. सकाळी कृषी विद्यापीठात फिरणं होतं, पेपरातलं शब्दकोडं होतं, आणि नळाची वाट बघणं हा तर आपल्या परभणीत पूर्णवेळ छंद आहे. तरी दुपार उरतेच. अशांनी आपला मोबाईल चोरीला जाऊ द्यावा. पुढचे दिवस कसे जातात कळतसुद्धा नाही.

जागा म्हणून बसस्थानक उत्तम. पासष्टी ओलांडलेल्यांना एसटीत अर्धं तिकीट, पंच्याहत्तरीच्या पुढं 2022 पासून फुकट, 2023 पासून बायकांना अर्धं. नांदेड गाडी फलाटाला लागली की दारात काय होतं ते मी कशाला सांगू? एक हात दांडीला, एक हात पिशवीला, डोक्यावरून कुणीतरी खिडकीत रुमाल टाकतंय. पुढं वसमतच्या अलीकडं कंडक्टर "आधार दाखवा" म्हणतो तेव्हा खिशात हात घालावा. आधार असतं.

मुलाला लगेच कळवू नये. (कशावरून कळवणार, ते सोडा.) "बाबा, कॅब करायची ना!" एवढंच पुण्याहून ऐकायला मिळतं.

बँकेत जाऊन पेन्शनचं खातं सांभाळायला सांगावं. काउंटरवरचा पोरगा मान वर न करता म्हणतो, "ॲपमधून बंद करा ना काका." ॲप चोराकडे आहे, बेटा. नवं सिम घेतलं तरी पहिले चोवीस तास त्यावर एसेमेस येत नाहीत. नियमच आहे तसा. तेवढ्या वेळात शब्दकोडं होतं.

शेजारी भेटायला येतील. साखर आणून ठेवा.

मोबाईलचा खोका शोधावा. त्यात घरच्यांनी सुया, दोरे आणि ब्लाऊजची हुकं भरलेली असतात, पण बाहेरच्या स्टिकरवर पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक असतो. चोरीचे फोन बंद करायच्या सरकारी पोर्टलवर, सीईआयआरवर, तो टाकला की फोन ब्लॉक होतो. फक्त सोबत पोलिसांकडच्या तक्रारीची प्रत जोडायची.

फक्त!

तर आता मुख्य उपक्रम, पोलीस ठाणे. कोणतं ते सांगत नाही. पहिला प्रश्न हद्दीचा. गाडी उभी होती इथं, तुम्हाला कळलं वसमतच्या अलीकडं, म्हणजे तिकडं जा. तिकडं गेलात की ते इकडं पाठवतात. तिकीट अर्धंच आहे, जात-येत राहा. हद्द कुणाचीही असो, गुन्हा आधी नोंदवून घ्यायचा आणि मग वर्ग करायचा, हे 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये छापलेलं आहे. पण ते मोठ्यानं म्हणू नये. "काका, तुम्ही मास्तर होते का?" असं विचारतात, आणि त्या विचारण्यात आदर नसतो.

मग बराच वेळ बाकावर बसवून एक कोरा कागद देतात. त्यावर 'माझा मोबाईल चोरीला गेला' असं लिहावं. कागद परत येतो.

"चोरी कामून लिहायलात? गहाळ झाला म्हणा. पटकन होतंय."

माझ्या खिशातून काढला हो.

"काढताना बघितलं का?"

बघितलं असतं तर मनगट धरलं नसतं?

"मग पडला असंल."

उभी नोकरी हजेरीपटात गैरहजर पोराला गैरहजरच लिहिण्यात गेली, आणि आता स्वतःच्या सहीनं खोटं लिहून द्यायचं! गहाळ लिहिलं की गुन्हा नाही, गुन्हा नाही म्हणून तपास नाही, आणि वर्षाअखेरीस चोऱ्या घटल्याची बातमी वाचायला पुन्हा आम्हीच. आणि तुम्ही, वाचणारे, तुम्हीही "जाऊ द्या हो, गहाळ तर गहाळ, सिम तर मिळालं" म्हणून सही करून आलेले आहात. तुमच्यामुळंच त्यांना सवय लागली आहे.

साहेब, माझा फोन पडला नाही. भर दुपारी, तुमच्या मदत केंद्राच्या पाटीखाली तो कुणीतरी काढला. त्याच बाकावर एक बाई रडत बसली होती, तिलाही तुम्ही गहाळच लिहायला लावत होता. गळ्यातली पोत गहाळ होते? तुटका दोरा आणि चार काळे मणी तिच्या मुठीत होते, ती मूठ तरी उघडून बघायची. चोरीला भारतीय न्याय संहितेत कलम 303 आहे, ते लिहा. लिहून घेत नसाल तर पोलीस अधीक्षकांना टपालानं कळवायची सोय त्याच 173 मध्ये आहे. मी कळवलंय, पावती जपून ठेवली आहे. आणि गुन्हा नोंदवला की त्याची प्रत फिर्यादीला मोफत द्यायची असते. समोर झेरॉक्सचं दुकान आहे, हे आम्हाला सांगू नका.